सध्या राहतात

उभ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर बेघर माणसाला घरात घ्यायची एवढी हौस आणि घरात घेतल्या दिवसापासून त्याला बाहेर काढायची एवढी घाई, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात मी फक्त आमच्या आत्यात पाहिल्या. ती माझी सख्खी आत्या नव्हे. ती तळवलीची, खाडीकाठची, भातशेती आणि मिठागर असलेल्या घरातली; आम्ही मराठवाड्यातून पोट घेऊन आलेलो. तिची बोली माझ्या कानाला इतकी निराळी की पहिला आठवडाभर ती रागावते आहे की जेवायला बोलावते आहे हेच मला उमगत नसे, कारण दोन्ही ती एकाच सुरात करायची. पण तिच्या खोल्यांत येणाऱ्या प्रत्येकाने तिला आत्याच म्हणायचे असा नियम होता. मी पहिल्या दिवशी भीत भीत "मावशी" म्हटले, तर तिने हात वर करून मला तिथेच थांबवले. "मावशी नको बोलू. मावशीकडं मानूस पाय पसरतो. आत्याकडं कसा, पाहुना म्हनून येतो, जेवतो, आन आपल्या घरी जातो. मी आत्या."

या खोल्या तिच्या सासऱ्याने मिठागरावरच्या मजुरांसाठी गावाबाहेर बांधल्या होत्या. ओळीने पाच, वर कौले, पुढे एकच लांब ओटा. नवे शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या त्यात मिठागर गेले, मागोमाग मजूर गेले, आणि खोल्या तेवढ्या उरल्या. गावात ज्यांच्या ज्यांच्या अशा खोल्या होत्या त्यांनी त्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. आत्याने दिल्या नाहीत. भाडेकरूला काढायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि पाहुण्याला "मग, कधी निघताय?" एवढे विचारले की पुरते, असे तिचे कायद्याचे ज्ञान होते. म्हणून ती रस्त्यावरून पाहुणे शोधून आणायची. मुदत एका गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत. तेवढ्यात माणसाने काम शोधायचे, कागद करायचे, स्वतःची खोली बघायची. एखादा रेंगाळला तर ती म्हणायची, "देव सोता दीड दिसात जातो. तू देवापेक्षा मोटा लागून गेलास काय?" दुसऱ्या दिवशी तो खोली बघायला निघायचा.

आम्ही तिला सापडलो ते पाइपात. माझा नवरा डोंगरातल्या दगडखाणीत कामाला होता. तिथे त्याचा पाय दुखावला, काम सुटले, आणि रस्ता रुंद झाला त्यात आमची झोपडी गेली. रस्त्याच्या कडेला गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठाले पाइप पडलेले असत. त्यातल्या एकात आम्ही दोघे आणि दोन मुली अडीच महिने राहिलो. एक दिवस कुणीतरी बाहेरून काठीने पाइपावर तीनदा ठोकले. पाइपात बसलेल्याला तो आवाज दातांत ऐकू येतो. "आत कोन हाय?" मी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. आम्ही दोघेही मुखदुर्बळ. लग्न ठरले तेव्हाही दोन्हीकडचे लोकच बोलले होते. शेवटी आमची पाच वर्षांची थोरली म्हणाली, "आमी हाव." आत्याने वाकून आत बघितले. हिरवे लुगडे, कपाळावर कुंकवाची आडवी चिरी, आणि कमरेला खोचलेली एक लोखंडी पक्कड. "पोर बोलते. आईबापाला वाचा नाय काय?" म्हणाली, आणि आमची पातेली उचलून चालू लागली. पातेली गेल्यावर आम्हाला मागे जाणे भागच होते. माणसे हलवायची असतील तर आधी त्यांची भांडी हलवायची, ही तिची पद्धत मला पुढे कळली.

त्या पकडीबद्दल सांगितले पाहिजे. इतर बायका कमरेला किल्ल्या लावतात, आत्या पक्कड लावायची. कारण तिच्या खोल्यांचा सगळ्यात मोठा नियम असा होता, की भिंतीला खिळा मारायचा नाही. खिळ्याला ती खिला म्हणे. दर रविवारी सकाळी ती पाचही खोल्यांतून फिरायची आणि बैल विकत घेताना त्याच्या पाठीवरून हात फिरवावा तसा भिंतींवरून हात फिरवायची. खिळा सापडला की पक्कड. जमिनीत काही लावायचे नाही, हा दुसरा नियम. आमच्या शेजारच्या खोलीत एक रत्नागिरीकडचा शिंपी होता. त्याने मोरीच्या पाण्यावर पपईचे रोप लावले. आत्या त्याच्यासमोर वाकून त्या रोपाची पाने मोजू लागली. मग म्हणाली, "पपई धरंपर्यंत ऱ्हायाचा इचार हाय काय?" दुसऱ्या दिवशी ते रोप तेलाच्या डब्यात गेले. शिंप्याला पुढे तुर्भ्याला खोली मिळाली तेव्हा तो डोक्यावर शिलाई मशीन आणि बगलेत पपईचा डबा घेऊन गेला, आणि आत्या त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली ती डब्याला पाणी घालतच.

आमच्यातला दोष तिने पहिल्याच दिवशी हेरला होता. "अंगात काम हाय, तोंडात आवाज नाय," असे निदान तिने ओट्यावर सर्वांसमक्ष जाहीर केले. मग औषध सुरू झाले. रोज सकाळी ती मला गावातल्या दुकानात पाठवायची. काही आणायला नव्हे, परत करायला. आज काडेपेटी सर्द आहे म्हणून बदलून आण, उद्या साबणाची वडी चेपली आहे म्हणून बदलून आण. मी दुकानासमोर जाऊन उभी राहायची. गिऱ्हाईक आले की मागे सरायची. दुकानदार विचारायचा, "काय पायजे बाय?" मी मान हलवून काडेपेटी तशीच परत आणायची आणि घरची चांगली काडेपेटी बदलून आणली म्हणून तिला दाखवायची. एकदा तिने ती उघडली, आत अर्ध्याच काड्या बघितल्या आणि म्हणाली, "चौथी शिकलीस, पन लबाडी नाय शिकलीस." चौथीचे तिला भारी कौतुक होते. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, म्हणून कुणी आले की माझी ओळख करून द्यायची, "ही चौथी शिकलेली हाय," आणि ते अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावे मी विलायतेहून आले आहे.

दुकान जमेना तेव्हा तिने माझ्यापुढे कोंबडा ठेवला. तिचा एक तांबडा कोंबडा होता, गावात कुणाला न जुमानणारा. "याला रागव," ती म्हणाली. "यो काय उलट बोलनार नाय." मी पदर सावरला आणि कोंबड्याला म्हटले, "अहो, जाता का तिकडं?" आत्या ओट्यावर बसली ती हसत हसत आडवी झाली. "कोंबड्याला अहो! अगो, तो काय तुजा सासरा हाय?" कोंबडाही माझ्याकडे बघत उभाच राहिला. बहुधा एवढा मान त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता.

नवऱ्यासाठी तिने वेगळा अभ्यासक्रम काढला होता. पायामुळे त्याला खाणीत जड काम होणार नव्हते, पण छिन्नी-हातोडीचा हात चांगला होता. तिने तिचा गुळगुळीत झालेला पाटा त्याच्यापुढे टाकला, त्याने तासाभरात छिन्नीने बारीक खाचा पाडून त्याला सुरेख टाकी लावून दिली. आत्याने त्यावर मिरची वाटून पाहिली आणि निकाल दिला, की वाशीला नव्या बिल्डिंगांत शेकडो बायका गुळगुळीत पाट्यावर चटणी वाटत रडत असतील, त्यांच्यात जा. पण टाकीवाल्याने रस्त्याने ओरडत जावे लागते, आणि आमचे हे ओरडणार कसे? मग रोज संध्याकाळी ती त्याला खाडीच्या बांधावर उभे करी. तो खाडीकडे तोंड करून म्हणायचा, "टाकी." आत्या मागून म्हणायची, "खेकड्याला तरी ऐकू गेला काय?" असे आमचे ते दिवस. ओट्यापुढे मी कोंबड्याची विनवणी करते आहे, बांधावर नवरा खाडीला टाकी लावून घेता का म्हणून विचारतो आहे, आणि मध्ये आत्या कमरेवर हात ठेवून दोघांना शिव्या घालते आहे. महिन्याभराने एकदा त्याने अशी काही हाक दिली की काठच्या चिपीच्या झुडपांतले बगळे उडाले. त्या रात्री आत्याने आम्हाला बोंबलाचे कालवण पाठवले.

माझे मात्र काही केल्या सुधारेना. दिवाळी झाली, शिमगा आला. नवरा वाशीला जाऊ लागला होता, पण एकट्याच्या टाकीवर चौघांची खोली उभी राहणार नव्हती. मला कामाला लागायला हवे होते, आणि काम मागायचे तर तोंड उघडायला हवे होते. गणपती पुढे दिसत होते. आमचा तो पाइप तर कधीच जमिनीत गाडून त्यावर रस्ता झाला होता, म्हणजे परत जायचे म्हटले तरी जागा उरलेली नव्हती. मला झोप लागत नसे.

अशात मी खिळा मारला. थोरली शाळेत जायला लागली होती आणि तिचा एकच गणवेश होता. तो कुठेही ठेवला तरी त्याच्यावर आत्याची एक पांढरी कोंबडी येऊन बसे. बाकी सगळे घर सोडून तिला निळा झगाच लागायचा. दुपारी डोंगरात सुरुंग उडत. नवऱ्याला ते वेळापत्रक पाठ होते. एक सुरुंग उडाला की मी दगडाने एक ठोका मारायची, आणि पुढच्या सुरुंगापर्यंत हात जोडून बसायची. असा तीन दुपारी मिळून तो खिळा दारामागच्या भिंतीत बसला. मला वाटले, दार उघडले की खिळा झाकला जातो, आणि आत्या दार उघडूनच आत येणार.

रविवारी आत्या आत आली आणि तिने दार लावून घेतले.

"यो काय?"

मी गप्प.

"कोनी मारला?"

नवरा वर बघून कौले मोजत होता.

"एक खिला मारला की मानसाला वाटतं, आता हितंच," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "मग दुसरा मारतो. मग आरसा लावतो. मग हालत नाय. आन उद्या पाइपात दुसरी कोन बसली असंल, तिला मी कुटं घालू? सांग मना. माजी जमीन गेली तवा मना कललं, पायाखालची जागा जाते म्हंजे काय. म्हनून तर तुमाला आनलं. आन तू चोरून खिला मारतंस?"

आता ही आम्हाला काढणार, असे मला दिसले. मुली ओट्यावर खेळत होत्या. आणि तेवढ्यात ती पांढरी कोंबडी नुसते लोटलेले दार अंगाने सारून शांतपणे आत आली, खिळ्यावरचा गणवेश आत्याने खाली टाकला होता त्याच्याकडे गेली, आणि त्यावर बसली.

"एकच झगा हाय माज्या लेकराला!" मी ओरडले. तो आवाज माझा आहे हे मला क्षणभर कळलेच नाही. "खाली ठिवला की तुमची कोंबडी बसती! शाळंत पोरी हसत्यात तिला! तुमची कोंबडी आमच्या घरात आलेली चालती, अन् आमचा एक खिळा चालत न्हाई व्हय? उचला आधी ती कोंबडी!"

कोंबडी आपण होऊन उठली आणि बाहेर गेली. बाहेर तो तांबडा कोंबडा होता, तोही ओट्यावरून उतरला. आत्याने माझ्याकडे पाहिले, मग दार उघडून साऱ्या खोल्यांना ऐकू जाईल असे ती ओरडली, "बोलली गो! पाइपातली बोलली!" शिंप्याची बायको हातातले पीठ घेऊन धावत आली. आत्याने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. मग कमरेची पक्कड काढून खिळा उपटला. "बोललीस ते बेस केलंस," ती म्हणाली, "पन खिला निघनार." आणि जाताना तिने आढ्याला बांधायला एक सुंभाची दोरी दिली. "हिच्यावर वालत घाल. दोरी सोडता येते."

लोखंड तापले आहे तोवर म्हणून तिने त्याच आठवड्यात मला रेशन कार्डासाठी एकटीला ऑफिसात धाडले. सोबत तिचे पत्र हवे होते. ती सांगत गेली आणि मी माझ्या चौथीच्या अक्षरात लिहीत गेले. ऑफिसातल्या कारकुनाने ते मोठ्याने वाचले. "सदर कुटुंब माझे पाहुणे असून ते लवकरच जाणार आहेत." त्याने चष्मा काढला. "बाई, पाहुण्यांचं कार्ड काढायचं? माझ्याकडे सासरे आलेत महिनाभर, त्यांचंही काढून टाकू?" रांग हसली. मी पत्र घेऊन दारापर्यंत आले. दारात मला ती पांढरी कोंबडी आठवली, आणि मी परत फिरले.

"साहेब, आमी आत्याचे पाहुणे हाव," मी म्हटले. "कार्ड न्हाई म्हणून काम न्हाई. काम न्हाई म्हणून खोली न्हाई. खोली न्हाई म्हणून पाहुणे. तुमी कार्ड द्या, म्या पाहुणी ऱ्हात न्हाई."

तो बिचारा चांगला माणूस होता. म्हणाला, "बाई, पाहुणे शब्द काढा आणि 'राहतात' एवढं लिहून आणा, मी आजच सही घेतो." पण आत्या कसली ऐकते! "राहतात" हा शब्द म्हणजे तिच्या मते कागदावर मारलेला खिळाच. दोन दिवस आमचे भांडण चालले, आणि आता मला भांडता येत होते, त्यामुळे ते चांगले रंगले. अखेर तडजोड झाली. पत्रात लिहिले गेले, "सध्या राहतात." त्यातल्या "सध्या" खाली तिने माझ्याकडून दोन रेघा मारून घेतल्या, आणि त्या रेघांवर आपला अंगठा उमटवला.

कार्ड झाले. वाशीच्या एका बालवाडीत मी मदतनीस म्हणून लागले. चाळीस मुलांना हाका मारायच्या असत, कोंबड्याच्या मानाने ती फार ऐकणारी होती. ऐरोलीला तेव्हा नवी एवढीएवढीशी घरे होत होती, एक खोली आणि मोरी. आम्ही अर्ज केला, आणि गणपतीला आठ दिवस असताना आम्हाला किल्ली मिळाली. मी रडत होते. आत्या मात्र आमची खोली झाडायला लागली होती. "मग, निघताय ना?" म्हणाली. निघताना तिने माझ्या हातात तो उपटलेला खिळा ठेवला. दगडावर ठोकून सरळ केलेला. "यो तुजा. आता मार. येवरा मोट्यानं मार की गल्ली ऐकंल."

पुढे ती दरवर्षी ऐरोलीला यायची. आल्या आल्या पाणी नाही, चहा नाही, आधी तो खिळा दोन बोटांत धरून हलवून बघायची. घट्ट बसला आहे हे पटले की मग खाली बसायची. एक दिवसही राहायची नाही. तळवलीला कोण कोण नवीन आले, कोण गेले, ते सांगायची आणि उन्हे उतरायच्या आत निघायची.

मग त्या खोल्या पाडल्या. आत्याच्या मुलांनी तिथे तीन मजली इमारत बांधली. मुले वाईट नव्हती, त्यांनी तिला वरच्या मजल्यावर फरशी घातलेली खोली दिली. मी विचारले, "आत्या, बरं हाय ना?" तर म्हणाली, "पोरं चांगली हायत. जेवाया बोलवतात." त्या "बोलवतात" वर मी पुष्कळ दिवस विचार करत होते; बोलावतात ते पाहुण्याला.

त्यानंतर एकदा ती आली ती हातात कापडी पिशवी घेऊन. "चार दिस आलंय," म्हणाली. पिशवीत दोन लुगडी आणि तिची ती पक्कड. मी आनंदाने वेडी झाले. तिची उंची आता कमी झाली होती, म्हणून तिच्या हाताला येईल असा मी भिंतीत खाली एक नवा खिळा मारला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. शेजारीण डोकावून म्हणाली, "कोण आलंय गं?" मी म्हटले, "आमच्या आत्या. सध्या हितंच ऱ्हातात." आत्याने आतून दम दिला, "पाहुनी हाय मी, पाहुनी!" चार दिवस तिने पिशवी खिळ्याला लावली नाही, उशाशीच ठेवली. पाचव्या दिवशी मी बालवाडीतून आले तर ती गेली होती.

खिळ्याला पक्कड अडकवलेली होती.

पुढच्या वर्षी ती आली नाही, आणि मग तळवलीहून ती गेल्याचाच निरोप आला. पक्कड अजून तिथेच आहे. येता-जाता नवऱ्याच्या कमरेला लागते, तो म्हणतो काढून टाक, मी त्याच्याशी भांडते. हा खिळाही उपटून टाक म्हणून तिने ती ठेवली, की आता उपटायचे काही उरले नाही म्हणून ठेवली, हे मला आजतागायत कळलेले नाही. एवढे बोलायला शिकले मी तिच्याकडून, आणि तेवढेच विचारायचे राहिले.